हेलिकॉप्टरच्या फ्रेममधला फ्लेक्स

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी नुसता स्टुडिओच होता. मोबाइलनं सगळ्यांच्या हातात कॅमेरा दिला, तेव्हा पोटापाण्यासाठी मागच्या खोलीत फ्लेक्स छापायचं मशीन बसवलं. आता वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं माझ्याकडं. पंचवीस वर्षं माणसांचे चेहरे नीट काढण्यात घालवली आणि हल्ली दिवसभर शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा लावत बसतो. एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच लहान झालं की फोन येतो. वैताग आहे नुसता.

त्या ऑगस्टात वरच्या धरणांतून पाणी सोडलं आणि भीमा आणि घोड दोन्ही नद्या एकदम फुगल्या. मांडवगण फराट्याच्या बाजूला एक बौद्ध वस्ती आहे, गावापासून लांब, भीमा आणि ओढ्याच्या मधल्या उंचवट्यावर. पाऊण-एकशे माणसं. ओढ्याला भीमेचं पाणी मागं चढलं आणि वस्तीचं बेट झालं. घरं बुडाली नव्हती, पण जायचा रस्ता गेला, वीज गेली. बोट घालून बघितली, प्रवाहात ती टिकेना, माणसं कशीबशी परत आली. मग लष्कराचं हेलिकॉप्टर मागवलं. अन्नाची पाकिटं टाकायची होती, पण त्याहून घाई दुसऱ्याच गोष्टीची होती. वस्तीत एक बाई होती, पस्तिशीची. तिच्या दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा शिरूरला येऊन डायलिसिस करायची. पाण्यामुळं तिच्या डायलिसिसच्या दोन खेपा चुकल्या होत्या. अंगावर सूज चढलेली, आडवं पडलं की दम लागायचा. डॉक्टरांनी तहसीलला स्पष्ट सांगितलं होतं की आज-उद्यात मशीनला लावली नाही तर तिचं काही खरं नाही.

हे मला कसं कळलं, तर तिचा नवरा मला हेलिकॉप्टर उतरायच्या मैदानावरच भेटला. रांजणगावला एका कंपनीत कामाला. पाणी चढलं तेव्हा तो ड्युटीवर होता, परत जायला रस्ताच उरला नाही. चार दिवस अंगावर तोच निळा युनिफॉर्म, हातात बायकोची दवाखान्याची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. ठरलं होतं असं: हेलिकॉप्टर आधी एका शाळेच्या मैदानावर उतरणार, तिथं डॉक्टर, स्ट्रेचर आणि घर दाखवायला हा नवरा, असे तिघं चढणार. मग पलीकडं जाऊन तिला उचलायचं आणि थेट दवाखान्यात. शाळेचं नाव सांगत नाही. शाळेचा काही दोष नव्हता.

दोष कुणाचा, ते आता सांगतो.

सकाळी सातला मला एका पुढाऱ्याचा फोन आला. हे एके काळी पंचायत समितीचे सभापती होते. पद जाऊन किती वर्षं झाली, पण लोक अजून सभापतीच म्हणतात आणि त्यांनाही ते बरं वाटतं. म्हणाले, मिल्ट्री येतीय, आपल्या भागात पहिल्यांदाच येतीय, त्यांचं स्वागत झालं पाहिजे. दहा बाय वीसचा फ्लेक्स. 'पूरग्रस्तांच्या मदतीला धावून आलेल्या वीर जवानांचे सहर्ष स्वागत.' उजव्या बाजूला हात जोडलेले सभापती, खाली चौदा शुभेच्छुक. आणि तहसीलनं रेकॉर्डसाठी फोटोग्राफर मागितलाय, तर तुम्हीच या, दोन्ही कामं होतील. माणसं पाण्यात अडकलीत आणि यांना स्वागत सुचतंय, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मी काय केलं? 'फोटो व्हॉट्सअॅप करा' म्हणालो. मशीन चालू केलं.

फ्लेक्स मोठा असला की आम्ही त्याला मध्ये मध्ये अर्धचंद्राच्या आकाराचे काप देतो, म्हणजे वारा त्यातून निघून जातो. नाही दिले तर फ्लेक्स फुगतो आणि बांबूसकट उखडतो. हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल. मी ब्लेड घेऊन बसलोसुद्धा. सभापतींचा माणूस फ्लेक्स न्यायला आला होता, त्यानं माझा हातच धरला. चौदा जणांत जागा कुठं शिल्लक होती? काप दिला तर कुणाच्या तरी तोंडावर येणार. मागं एका फ्लेक्सवर असा काप एकाच्या नाकावर आला होता, तर तो माणूस सहा महिने सभापतींशी बोलला नव्हता म्हणे. 'ऱ्हाऊ द्या, घट्ट बांधू,' तो म्हणाला. मी ब्लेड खाली ठेवलं.

मैदानावर पोचलो तेव्हा नायब तहसीलदार बाई चिखलात उभ्या राहून गळा फोडत होत्या. नवीन होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. लष्कराकडून त्यांना फोनवर सूचना आल्या होत्या आणि त्या कागदावर लिहून घेऊन ज्याला त्याला वाचून दाखवत होत्या. मैदानावर कापड, ताडपत्री, पोतं, कागद, काही म्हणजे काही सैल ठेवायचं नाही. पंख्याच्या वाऱ्यानं ते उडालं आणि पंख्यात गेलं तर हेलिकॉप्टर खाली येईल. वाऱ्याची दिशा कळायला कडेला ओला पाला पेटवून धूर करायचा. मधोमध उतरायच्या जागेची खूण म्हणून पांढऱ्या फक्कीनं मोठा एच काढायचा. एच काढलेला होता, छान ठसठशीत. धुराची व्यवस्थाही झाली होती. सभापतींचा फ्लेक्स शाळेच्या गेटाबाहेर, रस्त्याकडं तोंड करून, लोखंडी ग्रिलला चारी बाजूंनी आवळून बांधला होता. तो तिथंच राहिला असता तर आज मला हे लिहायला लागलं नसतं.

मी जागा बघायला लागलो. तीस वर्षांची खोड. लग्नात गेलो तरी आधी स्टेज बघतो, लाइट बघतो, मागं काय येतंय ते बघतो. कॅमेऱ्यातून पाहिलं तर मैदान, त्यामागं बाभळी, वर करडं आभाळ. सभापती शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, 'ह्यात आमी कुठं हाय?'

मी म्हणालो, तुमचा फ्लेक्स गेटाबाहेर, हेलिकॉप्टर इकडं, दोन्ही एका फोटोत कसं येणार. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, पुढचं वाक्य माझ्या तोंडून गेलं. 'त्या तिथं कडेला बांबू रोवून लावला तर हेलिकॉप्टर, तुम्ही आणि फ्लेक्स, तिन्ही एका फ्रेममध्ये बसतंय.'

बोललो त्याच क्षणी मला ते कळायला हवं होतं. कळलं नाही, हे खरं सांगतो. मला फ्रेम दिसत होती. हेलिकॉप्टर खाली येतंय, खाली माणसं हात वर करून उभी, कडेला रंगीत पट्टा. मला तो फोटो पाहिजे होता. सभापतींपेक्षा जास्त मलाच पाहिजे होता. लग्न आणि बारशी काढून कंटाळलेल्या माणसाला आयुष्यात एकदा असं काही मिळतं.

दहा मिनिटांत चार जणांनी बांबू रोवले आणि गेटाबाहेरचा फ्लेक्स सोडून त्यांना बांधला. बाई धावत आल्या. कागद दाखवला. सभापतींनी कागद वाचलासुद्धा नाही. म्हणाले, मॅडम, हे कापड न्हाई, हा फ्लेक्स हाय, आन् घट्ट बांधलाय. बाई माझ्याकडं वळल्या. मी फोटोग्राफर, मी फ्लेक्सवाला, मला यातलं कळतं असं त्यांना वाटलं असणार. 'राहील का हो हा?' त्यांनी विचारलं. काप दिलेले नाहीत, हे सांगायला तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी म्हणालो, 'राहील.' तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, हेलिकॉप्टर निघालं होतं.

नवरा स्ट्रेचरशेजारी उभा होता. डॉक्टर त्याला समजावत होते, आत बसल्यावर पट्टा कसा लावायचा, कुठं बोट दाखवायचं. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, 'मामा, तुमच्या त्या लांबच्या लेन्समधनं वस्ती दिसती का?' दिसत नव्हती, मध्ये उसाची रानं आणि बाभळी. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, सकाळी आबांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, कुणाच्या तरी फोनवरून निरोप दिलाय. तिची पिशवी भरून ठेवलीय, तिला खुर्चीत बसवून अंगणात आणून ठेवलंय. वस्तीतल्यांनी विहारापुढची जागा झाडून मोकळी केलीय, उतरायला.

तीनच्या सुमाराला ढगांत जरा फट पडली आणि आवाज आला. आधी लांबून, मग एकदम डोक्यावर. सगळे मोबाइल वर गेले. हेलिकॉप्टरनं मैदानावरून एक चक्कर मारली, धूर बघितला असेल, आणि खाली यायला लागलं. मी डोळा लावून बसलो होतो. बोट बटणावर. खरंच सांगतो, तशी फ्रेम मला पुन्हा मिळायची नाही. सभापती हात हलवतायत, वर हेलिकॉप्टर, शेजारी फ्लेक्स. मी धडाधड काढत गेलो.

मग वारा आला. अंगावरचा शर्ट ओढून नेईल असा वारा. फ्लेक्स आधी पोटात फुगला, चौदा चेहरे एकदम पुढं आले. मग डावीकडचा बांबू कड्कन मोडला. एक टोक सुटलं, वीस फुटांचा तो पट्टा मैदानावर आडवा फडफडला आणि दुसऱ्या बांबूसकट वर उचलला गेला. हेलिकॉप्टर जमिनीपासून दोन माणसांच्या उंचीवर असेल. पायलटनं ते एका बाजूला कलतं केलं आणि सरळ वर नेलं. आणि लाज वाटते सांगायला, बोट बटणावरून उचललं नव्हतं.

फ्लेक्स बाभळीवर जाऊन अडकला. माणसं पळाली, तो ओढून काढला, घडी घालून त्यावर चौघं बसले, बसून वर हात केले, की आता या. हेलिकॉप्टर उंचावर दोनदा फिरलं. बाई फोनवर ओरडून सांगत होत्या, मैदान मोकळं आहे, मैदान मोकळं आहे. पण पुण्याच्या बाजूनं काळे ढग उतरत आले होते. बाईंना निरोप आला की जागा सुरक्षित नाही, हवामान बिघडतंय, इंधनाचंही बघायचंय, आता उजाडल्यावर. आवाज लांब गेला आणि पाचच मिनिटांत पाऊस कोसळायला लागला.

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. आणि राग काढायचा कुणावर? सभापतींवर काढावा तर बांबू मी सांगितले होते. बाईंवर काढावा तर 'राहील' मी म्हणालो होतो. शाळेच्या व्हरांड्यात सगळे दाटीनं उभे होते. सभापती माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या स्क्रीनमध्ये बघत होते. हात हलवतानाचा फोटो बघून म्हणाले, हा झकास हाय, हा लगेच टाका ग्रुपवर. फ्लेक्स उडतानाचे सात-आठ फोटो पुढं सरकले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. 'एवढे तेवढे डिलीट करून टाका.' मी 'हो' म्हणालो. केले नाहीत. पण 'हो' म्हणालो.

त्यांचा हात हलवतानाचा फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरला. खाली लिहिलं होतं, 'खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर माघारी, सभापतींकडून मदतकार्याची पाहणी.' खोटं काहीच नव्हतं त्यात. ढग आलेच होते.

आणि तो नवरा. अंगावर धावून आला असता तर मी समजू शकलो असतो. त्यानं व्हरांड्यात मला चहाचा कप आणून दिला आणि विचारलं, 'मामा, सकाळी येतंय म्हंजी किती वाजता?' मी म्हणालो, उजाडलं की. मला काय माहीत. तरी म्हणालो. त्याला फ्लेक्स उडालेला दिसला होता, पण तो तिथं का आला ते त्याला माहीत नव्हतं. कप रिकामा होईपर्यंत सांगावं सांगावं असं वाटत राहिलं आणि कप रिकामा झाला.

सकाळी हवा उघडली. हेलिकॉप्टर या मैदानाकडं फिरकलंच नाही. दौंडच्या बाजूनं डॉक्टर घेऊन थेट वस्तीवर गेलं, विहारापुढच्या झाडलेल्या जागेत उतरलं, तिला उचललं आणि दौंडला दवाखान्यात पोचवलं. पावणेआठला फोन आला. उजाडल्यापासून मैदानावर थांबलेला नवरा फाइल घेऊन तसाच रस्त्याकडं निघाला. मी म्हणालो, बस गाडीत. न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून पाटस करत दौंड. रस्ताभर तो फाइल मांडीवर धरून बसला होता आणि मी ड्रायव्हिंग करत मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. चौफुल्याला सांगू, पाटसला सांगू. दौंडचं रेल्वे फाटक आलं तरी सांगितलं नव्हतं.

ती मशीनला लावलेली होती. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, पण शुद्धीवर होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र काढली असती तर हाताला लागली नसती, कालच आणायला पाहिजे होती. हे ते आम्हा दोघांना म्हणाले, पण मला वाटलं मलाच म्हणाले. नवऱ्यानं माझी ओळख करून दिली, हे फोटोवाले मामा, हेच गाडीनं घेऊन आले. तिनं मशीनला न लावलेला हात उचलून मला नमस्कार केला.

मग हळूहळू बोलायला लागली. काल सगळी वस्ती अंगणात उभी होती. बाभळीच्या वर हेलिकॉप्टर दिसलं, खाली गेलं, दिसेनासं झालं. लोक म्हणाले, आता पाच मिनिटांत इकडं येणार. तिच्या पायात चपलासुद्धा घातल्या. तर ते वर आलं, दोन चकरा मारल्या आणि पुण्याकडं निघून गेलं.

'आबा म्हणाले, वस्ती कुणाची हाय ते कुणीतरी सांगितलं आसंल त्यांना,' ती म्हणाली.

मी नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, मी फोनवर सांगितलं ना तिला, फ्लेक्स उडाला म्हणून. तिला पटत न्हाई.

'एका फ्लेक्सपायी कोण माणूस टाकून जाईल का?' ती म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला होता. तिच्या आजवरच्या अनुभवात पहिलं कारण सहज बसत होतं आणि दुसरं बसत नव्हतं, यात तिची काय चूक.

मी बॅगेतून कॅमेरा काढला. एकेक फोटो पुढं सरकवत तिच्या डोळ्यांपुढं धरला. हेलिकॉप्टर खाली येतंय, फ्लेक्स फुगलाय, बांबू मोडला, फ्लेक्स वर, हेलिकॉप्टर कललेलं. तिनं सगळे नीट बघितले. मग बारीक डोळ्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, 'पण हा मैदानात कुणी लावला?'

'मी लावायला सांगितला, ताई,' मी म्हणालो. 'फोटो चांगला यावा म्हणून.'

नवरा उठून बाहेर गेला. ती म्हणाली, हे वस्तीवर येऊन सांगा. माझ्या तोंडून कुणाला खरं वाटायचं न्हाई.

पाणी ओसरायला आठवडा लागला. तोवर मी स्टुडिओत ज्याच्या त्याच्यावर डाफरत होतो. सभापतींचा दोनदा फोन आला, पूरग्रस्तांना मदत वाटपाचा फ्लेक्स पाहिजे म्हणून. दोन्ही वेळा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. एवढीच काय ती माझी मर्दुमकी.

वस्तीवर गेलो तेव्हा रस्त्यावर अजून गुडघ्याएवढा गाळ होता. गाडी लांब लावून चालत गेलो. आबा दाराशी बसले होते, सत्तरीच्या पुढचे, अंगात बंडी. वस्तीतली पाच-सहा माणसं जमली. मी सगळं सांगितलं. काप न दिल्यापासून ते 'राहील' म्हणेपर्यंत, काही गाळलं नाही. फोटो मोठे छापून नेले होते, ते हातोहात फिरले. एक बाई म्हणाली, बघा, म्हंजी यायला निघाले हुते.

आबांनी फोटो एकेक करून मांडीवर रचले. म्हणाले, 'माझा बाप मिल्ट्रीत हुता. त्याच मिल्ट्रीला मी रातभर शिव्या दिल्या. सकाळी ती पोरं आली, सुनेला उचलून नेलं, तरी माझ्या मनातलं जाईना. वाटलं, वरून कुणाचा तरी दाब आला म्हणून आली.' मग म्हणाले, 'शिव्या त्यांच्या न्हवत्या, मग कुणाच्या हुत्या?'

'माझ्या,' मी म्हणालो. 'मला द्या.'

मी खरंच वाट बघत होतो. आठवडाभर आतल्या आत जे धुमसत होतं त्याला कुणीतरी एकदा तोंडावर चार शब्द हाणले असते तर मी मोकळा झालो असतो. आबांनी माझ्याकडं बघितलं. राग होता त्या नजरेत, नव्हता असं नाही. मग मान वळवून आत हाक मारली, 'पोरी, पाव्हणं आल्यात. चहा टाक.'

ती स्वतः चहा घेऊन आली. सूज उतरली होती, चेहरा कळत होता. कप माझ्या हातात देऊन भिंतीला टेकून उभी राहिली, मी चहा संपवेपर्यंत.